तालुक्याचे उत्पन्न : सरासरी नको, मध्यक हवा

ग्रामविकासाच्या कोणत्याही योजनेची आखणी करताना पहिला प्रश्न असा उपस्थित होतो की, ज्यांच्यासाठी ही योजना आहे त्या कुटुंबांची सांपत्तिक स्थिती वस्तुतः कशी आहे. विहिरीसाठी किती अनुदान द्यावे, दुभत्या जनावराची खरेदी कुटुंबास झेपेल काय, ठिबक संचाच्या खर्चातील आपला वाटा शेतकरी उचलू शकेल काय, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे अखेर कुटुंबाच्या वार्षिक प्राप्तीपाशी येऊन थांबतात. असे असूनही, आपल्या तालुक्यातील मधल्या स्थितीच्या कुटुंबाला वर्षाकाठी किती रुपये मिळतात, या साध्या प्रश्नाचे विश्वसनीय उत्तर गावच्या वा तालुक्याच्या कोणत्याही दप्तरात मिळत नाही. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न मिळते, राज्यातील शेतकरी कुटुंबाची सरासरी मिळते. तालुक्यातील कुटुंबाचा मात्र पत्ता लागत नाही.

ही उणीव केवळ सांख्यिकांच्या सोयीची बाब नव्हे. ज्या तालुक्याचे दारिद्र्य आकड्यांत दिसत नाही, त्या तालुक्याच्या वाट्याला योजनाही उशिरा येतात. यास्तव प्रत्येक तालुक्याच्या मध्यक कौटुंबिक उत्पन्नाचा अंदाज नियमितपणे काढला जावा, तो जिल्ह्याच्या सरासरीवरून न काढता कुटुंबांच्या पाहणीवरून काढला जावा, आणि या कामी ग्रामस्तरीय कार्यकर्ते व शेतकरी बंधू यांनी मनापासून सहकार्य द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे देत आहोत.

सरासरीने होणारी दिशाभूल

समजा, एका वाडीत अकरा कुटुंबे आहेत. त्यांचे वार्षिक उत्पन्न चढत्या क्रमाने मांडले असता ते ४८, ५५, ६०, ६६, ७२, ८०, ९५, ११०, १४०, २२० आणि १,२०० हजार रुपये असे भरते. शेवटचे कुटुंब बागायतदार असून त्याचा गावात खतांचा व्यापारही आहे. या साऱ्यांची बेरीज २१ लाख ४६ हजार रुपये होते व तिला अकराने भागले असता सरासरी सुमारे १ लाख ९५ हजार येते. आता ही सरासरी वाडीतील कोणत्या कुटुंबाचे वर्णन करते? अकरांपैकी नऊ कुटुंबे तिच्या खाली आहेत. एकट्या बागायतदाराने ती वर ओढून नेली आहे.

याउलट, रांगेतील बरोबर मधले, म्हणजे सहावे कुटुंब पाहिले तर त्याचे उत्पन्न ८० हजार आहे. पाच कुटुंबे त्याच्या खाली व पाच त्याच्या वर आहेत. या मधल्या आकड्यास मध्यक म्हणतात. पुढील वर्षी बागायतदाराचे उत्पन्न १२ लाखांवरून २० लाखांवर गेले आणि इतरांच्या मिळकतीत एका रुपयाचाही फरक पडला नाही, तर सरासरी एकदम सुमारे २ लाख ६८ हजारांवर चढेल व कागदोपत्री वाडीची भरभराट झाल्याचे दिसेल. मध्यक मात्र ८० हजारांवरच स्थिर राहील. वाडीतील बहुसंख्य लोकांच्या चुलीवर काय शिजते हे कळण्यासाठी दुसरा आकडा अधिक प्रामाणिक आहे, हे सांगावयास नको.

जिल्ह्याच्या आकड्याआड दडलेला तालुका

आपल्या राज्यात दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न दिलेले असते. हा आकडा उपयुक्त आहे. परंतु तो जिल्ह्यात झालेल्या एकूण उत्पादनाच्या मूल्याला लोकसंख्येने भागून काढलेला असतो. कारखान्यात, बँकेत, बंदरात वा बांधकामात निर्माण झालेले मूल्य त्यात येते. ते मूल्य कोणाच्या घरी गेले, हे तो सांगत नाही. जिल्ह्यात मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली की दरडोई उत्पन्न वाढते. पण तेथून ऐंशी किलोमीटरवर असलेल्या डोंगरी गावातील नाचणी-वरई पिकविणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न त्यामुळे वाढलेच असे नाही.

नाशिक जिल्ह्याचे उदाहरण घ्या. निफाड व दिंडोरी येथील द्राक्षबागा एका बाजूस आणि सुरगाणा व पेठ येथील डोंगरउतारावरची भात-नागलीची शेती दुसऱ्या बाजूस. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठचा कराडचा ऊस एकीकडे आणि पर्जन्यछायेतील माण-खटावची ज्वारी-बाजरी दुसरीकडे. अशा जिल्ह्याचा एकच आकडा काढणे म्हणजे भरलेली विहीर व कोरडी विहीर यांची सरासरी काढून दोहोंत अर्धे पाणी आहे असे म्हणण्यासारखे आहे. प्रादेशिक असमतोलाच्या चौकशीसाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ साली जो अहवाल दिला, त्यात अनुशेषाची मोजणी जिल्हावार केली होती. त्या काळी तेही मोठे पाऊल होते. पुढे मानव विकास कार्यक्रमासाठी १२५ तालुके निवडण्यात आले, तेव्हा तालुका हे एकक शासनाने मान्य केलेच आहे. मग उत्पन्नाच्या मोजणीतच जिल्ह्यापाशी का थांबावे?

अमेरिकेतील काउंटींचा अनुभव

या बाबतीत अमेरिकेतील पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. त्या देशातील राज्यांचे काउंटी नावाचे भाग पाडलेले असून त्यांची संख्या ३,१०० हून अधिक आहे. काउंटी साधारणतः आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखी असली तरी त्यांच्या आकारात विलक्षण तफावत आढळते. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीवर भरली, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत अवघी ६४ माणसे होती. तथापि या सर्व काउंटींच्या मध्यक कौटुंबिक उत्पन्नाचा अंदाज तेथील जनगणना कार्यालय दरवर्षी प्रसिद्ध करते.

हे साधले कसे? तेथे दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर प्रश्नावली पाठवून नमुना पाहणी केली जाते. परंतु हा नमुना तीन हजारांवर काउंटींत विभागला की लहान काउंटीच्या वाट्याला मोजकीच घरे येतात. म्हणूनच ६५ हजारांहून कमी वस्तीच्या भागांसाठी त्या पाहणीचे केवळ एका वर्षाचे आकडे प्रसिद्ध होत नाहीत. पाच वर्षांची माहिती एकत्र करावी लागते. पाच वर्षांत तर पाऊस, बाजार व रोजगार सारेच बदलते. ही अडचण दूर करण्यासाठी तेथील सांख्यिकांनी दोन साक्षीदारांची जबानी एकत्र ऐकण्याची युक्ती योजली. पहिला साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष पाहणी. दुसरा साक्षीदार म्हणजे शासकीय दप्तर : प्राप्तिकराची विवरणपत्रे, अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची संख्या, मागील गणनांचे आकडे व लोकसंख्येचे अंदाज. ज्या काउंटींत दोन्ही प्रकारची माहिती भरपूर आहे, तेथे दप्तरातील आकडे व उत्पन्न यांचा परस्परसंबंध काय आहे हे गणिताने ठरविले जाते व त्यावरून प्रत्येक काउंटीचे अपेक्षित उत्पन्न काढले जाते. मग पाहणीचा आकडा व अपेक्षित आकडा यांना त्यांच्या विश्वसनीयतेप्रमाणे वजन देऊन एकच आकडा सिद्ध केला जातो.

उदाहरणादाखल असे समजा की, एका तालुक्यात केवळ सोळा घरांची पाहणी झाली आणि तिचा मध्यक ७० हजार आला. दप्तरावरून त्या तालुक्याचा अपेक्षित मध्यक ९४ हजार निघतो. घरे थोडी असल्याने पाहणीला एक-तृतीयांश व अपेक्षित आकड्याला दोन-तृतीयांश वजन दिले, तर उत्तर ८६ हजार येईल. तेथेच बरीच अधिक घरे पाहिली असती व वजने उलट झाली असती, तर उत्तर ७८ हजार आले असते. पाहणी जितकी दांडगी, तितका तिच्या शब्दाला मान अधिक. पाहणी जितकी तुटपुंजी, तितका दप्तराचा आधार अधिक. यात जादू काही नाही. गावातील जाणता माणूसही एका वाटसरूच्या सांगण्यावर विसंबत नाही; आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींशी ते ताडून पाहतो.

या पद्धतीचा उगमही बोधप्रद आहे. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र शासनाने स्थानिक संस्थांना महसुलाचा वाटा देण्याचे ठरविले व वाटणीच्या सूत्रात दरडोई उत्पन्न धरले. १९७० च्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न केवळ नमुन्यादाखल निवडलेल्या घरांना विचारला असल्याने लहान गावांचे आकडे भरवशाचे नव्हते. म्हणून पाचशेहून कमी वस्तीच्या गावाला त्याच्या काउंटीचाच आकडा लावावा, असे प्रथम ठरले. म्हणजे गरीब गावावर श्रीमंत काउंटीचा शिक्का! फे आणि हेरिअट या दोन सांख्यिकांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या अन्यायावर वर सांगितलेल्या एकत्रीकरणाचा उपाय मांडला व १९७३ साली काही ठिकाणी झालेल्या विशेष गणनेशी ताडून तो सरस असल्याचे दाखवून दिले. पुढे १९९४ च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर गरीब विद्यार्थ्यांसाठी असलेला निधी वाटण्याकरिता काउंटीवार दारिद्र्याचे ताजे अंदाज आवश्यक ठरले आणि त्याच उपक्रमातून मध्यक उत्पन्नाचे अंदाजही निघू लागले. शिवाय प्रत्येक आकड्यासोबत तो किती खाली-वर असू शकेल याची मर्यादाही छापली जाते. आपली अनिश्चितता उघडपणे मांडणारा आकडा अधिक विश्वासार्ह असतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपली परंपरा कमी नाही

हे सारे परक्यांचे आहे, आपल्याला ते साधावयाचे नाही, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी गावाची एक सरासरी सांगून समाधान मानले नाही. घरोघरचा जमाखर्च पाहून कोणती कुटुंबे तग धरून आहेत व कोणती नाहीत अशी वर्गवारी केली. १९४० साली गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी प्रसिद्ध केली. म्हणजे तालुका हे एकक धरून शेतकऱ्याचा हिशेब मांडण्याची कल्पना आपल्याच भूमीत रुजलेली आहे.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे कार्य तर प्रत्येक कृषी कार्यकर्त्यास ठाऊक असावयास हवे. पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीवर बांधला जाई. अधिकारी शेत पाहून पीक सोळा आण्यांपैकी किती आहे हे नजरेने ठरवीत. सुखात्मे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० नंतरच्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत यादृच्छिक पद्धतीने शेते निवडून, ठराविक मापाचा तुकडा कापून, मळून व तोलून उत्पादन काढण्याची पद्धत बसविली. डॉ. वि. गो. पानसे यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला व १९५४ साली प्रसिद्ध झालेला कृषी कार्यकर्त्यांसाठीचा सांख्यिकी ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांनी अभ्यासला. आज पीक विम्यासाठी महसूल मंडळापर्यंत जे पीक कापणी प्रयोग होतात, ते याच विचाराचे फळ आहे. धान्य नजरेने न मोजता तराजूने मोजावे हे आपण मान्य केले. कुटुंबाच्या उत्पन्नाची मात्र अद्याप आणेवारीच चालू आहे.

आपल्यापुढील खऱ्या अडचणी

तथापि अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तेथील मुख्य दप्तर प्राप्तिकराचे आहे. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून वगळलेले आहे व खेड्यातील बहुसंख्य कुटुंबे विवरणपत्र भरीत नाहीत. आपल्या दशवार्षिक जनगणनेतही उत्पन्न विचारले जात नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रामुख्याने कुटुंबाचा खर्च विचारला जातो. १९६० च्या दशकात या पाहणीत उत्पन्न विचारण्याचे प्रयोग झाले. परंतु लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्या खर्च व बचतीच्या बेरजेहूनही कमी भरू लागल्याने ते सोडून द्यावे लागले.

शेतकरी कुटुंबांची स्थिती दर्शविणारी अलीकडची मोठी पाहणी २०१९ साली झाली. तीनुसार जुलै २०१८ ते जून २०१९ या कृषी वर्षात देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८, पशुपालनाचे १,५८२, बिगरशेती व्यवसायाचे ६४१ व जमीन भाड्याने देण्याचे १३४ रुपये होते. महाराष्ट्राची सरासरी ११,४९२ रुपये होती. यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. शेतकरी म्हणविणाऱ्या कुटुंबाला पिकापेक्षा मजुरी व पगारातून अधिक पैसा मिळतो. तेव्हा केवळ जमीन व पीक पाहून उत्पन्न ठरविणे व्यर्थ आहे. आणि दुसरे, हे आकडे सरासरीचे व राज्याचे आहेत. मध्यकाचे व तालुक्याचे नाहीत. २०२५ च्या जानेवारीपासून राष्ट्रीय नमुना पाहणीत जिल्हा हा निवडीचा मूलभूत स्तर धरण्यात आला, तसेच देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न पाहणी २०२६ मध्ये हाती घेण्याचे केंद्र शासनाने २०२५ साली जाहीर केले. ही दिशा योग्य आहे. जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंतची मजल मात्र आपल्या राज्यानेच मारावयाची आहे.

उत्पन्न लिहिताना घ्यावयाची दक्षता

पाहणीचे यश सूत्रांपेक्षा पहिल्या नोंदीवर अधिक अवलंबून असते आणि ती नोंद ग्रामस्तरीय कार्यकर्त्याच्या हातची असते. म्हणून काही बाबी विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे.

पहिली बाब कुटुंबाची. सातबारा म्हणजे कुटुंब नव्हे. एका सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतात व त्यांच्या चुली वेगवेगळ्या असतात. उलटपक्षी एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांच्या नावे तीन उतारे असतात. एका चुलीचे ते एक कुटुंब, हीच व्याख्या पाळावी. शहरात नोकरीस असलेला मुलगा वेगळी चूल मांडून राहत असेल तर त्याचा पगार गावच्या कुटुंबाचा धरू नये. मात्र त्याने घरी धाडलेली रक्कम अवश्य विचारावी व ती वेगळी नोंदवावी.

दुसरी बाब घरी खाल्लेल्या मालाची. बाजारात विकले तेवढेच उत्पन्न, ही समजूत सर्वत्र आहे. चार पोती ज्वारी घरी ठेवली, रोज लिटरभर दूध मुलांना दिले, परसातील भाजी खाल्ली, मजुरीपोटी धान्य मिळाले, या साऱ्यांचे गावच्या भावाने मूल्य धरले पाहिजे. जिरायत भागातील लहान शेतकऱ्याचे बरेचसे उत्पन्न याच रूपाने येते. ते सोडून दिले तर कुटुंब आहे त्याहून गरीब दिसेल आणि खर्चाशी मेळ बसणार नाही.

तिसरी बाब खर्चाची. विक्रीची पट्टी म्हणजे उत्पन्न नव्हे. बियाणे, खते, औषधे, नांगरट, मजुरी, वाहतूक, अडत-हमाली हे वजा करावयास हवे. घरचे बियाणे, घरचे शेणखत व घरच्या माणसांचे श्रम यांची किंमत धरावयाची की नाही, हे आरंभीच ठरवावे व सर्वत्र एकच नियम लावावा. वर सांगितलेल्या पाहणीत केवळ प्रत्यक्ष दिलेले खर्च वजा केले असता १०,२१८ रुपये आले. न दिलेल्या खर्चाचेही मूल्य धरले असता तोच आकडा ८,३३७ वर उतरला. नियम बदलला की आकडा किती बदलतो याचे हे बोलके उदाहरण होय.

चौथी बाब उसनवारीची. पीक कर्ज, सोसायटीचे कर्ज, हातउसने ही मिळकत नव्हे. ऊसतोडणीस जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून घेतलेली उचल हेदेखील उत्पन्न नव्हे. ते भावी मजुरीपोटी घेतलेले कर्ज आहे. हंगामात जितकी मजुरी प्रत्यक्ष फिटली तितकीच लिहावी. त्याचप्रमाणे अडचणीच्या वर्षी विकलेली बैलजोडी वा दागिना ही संपत्तीतील घट आहे, प्राप्ती नव्हे. दुष्काळात जनावरे विकणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न वाढलेले दाखविणे यासारखा विपर्यास दुसरा नाही. शासनाकडून खात्यात जमा होणारा सन्माननिधी व पीक नुकसानीची भरपाई या रकमा वेगळ्या रकान्यात लिहाव्यात, म्हणजे त्या मिळवून व वगळून असे दोन्ही हिशेब करता येतील.

पाचवी व सर्वांत महत्त्वाची बाब बंद घरांची. दिवाळीनंतर ऊसतोडणीला, वीटभट्टीला अथवा शहरातील बांधकामावर गेलेल्या कुटुंबाचे दार बंद आढळते. अशा वेळी शेजारचे उघडे घर घेऊन यादी पुरी करण्याचा मोह होतो. परंतु बंद घरे बहुधा गरिबांचीच असतात. ती गळली की रांगेच्या खालच्या टोकाची माणसे कमी होतात आणि मध्यक आपोआप वर सरकतो. म्हणून निवडलेले घर बदलू नये. ते लोक परतल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात, पुन्हा जाऊन नोंद पुरी करावी.

आमच्या सूचना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी करणे शक्य व इष्ट आहे असे आम्हास वाटते.

१. प्रत्येक तालुक्यात यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या कुटुंबांची पाहणी व्हावी. सोयीची, रस्त्यालगतची वा ओळखीची घरे घेऊ नयेत. एकाच भेटीत वर्षाचा हिशेब न विचारता खरीप, रब्बी व उन्हाळा अशा तीन भेटी द्याव्यात, म्हणजे स्मरणावर फार भार पडणार नाही.

२. प्राप्तिकराच्या विवरणपत्रांची जागा आपल्याकडील दप्तरांनी भरून काढावी. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, मंडळनिहाय पर्जन्यमान व पीक कापणीचे आकडे, बाजार समित्यांतील आवक व भाव, दूध संस्थांचे संकलन, पशुगणना व रोजगार हमीच्या कामांवरील हजेरी ही सारी माहिती आपल्याजवळ आहे. ती एकत्र आणून वापरली जात नाही इतकेच.

३. पाहणी व दप्तर यांचा मेळ घालून मध्यक काढावा व त्यासोबत संभाव्य चुकीची मर्यादाही प्रसिद्ध करावी. दोन तालुक्यांतील अंतर त्या मर्यादेहून कमी असेल तर त्यांत उच्चनीच लावू नये.

४. तालुक्यांच्या मध्यकांची सरासरी काढून तिला जिल्ह्याचा मध्यक म्हणू नये. जिल्ह्यातील सर्व कुटुंबे एका रांगेत मांडल्यावाचून जिल्ह्याचा मध्यक निघत नाही.

५. मध्यकासोबतच रांगेतील खालच्या पाव भागाच्या टोकावरील कुटुंबाचे उत्पन्नही द्यावे. मध्यक सुधारला तरी तळच्या कुटुंबाची स्थिती तशीच राहू शकते आणि योजनांचा पहिला हक्क त्याचाच आहे.

आक्षेप व त्यांचा विचार

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, तालुक्याचा आकडा अचूक येणार नाही, मग तो काढावाच कशाला? याचे उत्तर असे की, आकडा न काढल्याने निर्णय थांबत नाहीत. ते जिल्ह्याच्या सरासरीवर, शिफारशीवर किंवा तोंडओळखीवर घेतले जातात. दहा-वीस टक्क्यांची चूक असणारा व ती चूक मान्य करणारा अंदाज, मुळीच अंदाज नसण्यापेक्षा खचित बरा. माती परीक्षणासाठी घेतलेला नमुना तरी साऱ्या शेताचे तंतोतंत वर्णन कोठे करतो? तरीही त्यावरून खताची मात्रा ठरवितोच ना?

दुसरा आक्षेप शेतकरी बंधूंचा आहे व तो अधिक गंभीर आहे. खरे उत्पन्न सांगितले तर सवलत जाईल, मुलाची शिष्यवृत्ती अडेल, शिधापत्रिकेचा रंग बदलेल, अशी त्यांना धास्ती वाटते. ही भीती निराधार आहे असे म्हणून चालणार नाही. कारण ज्या यंत्रणेचा माणूस पाहणीस येतो, तीच यंत्रणा अनेकदा दाखलेही देते. यावर उपाय एकच : पाहणीची नोंद व लाभार्थ्याची निवड ही दोन कामे पूर्णपणे वेगळी ठेवावीत. २००८ च्या सांख्यिकी संकलन अधिनियमाखाली गोळा केलेली माहिती सांख्यिकी प्रयोजनाखेरीज अन्यत्र वापरण्यास मनाई आहे. हे आश्वासन प्रत्येक घरी प्रथम सांगावे आणि ते तंतोतंत पाळावे. एकदा जरी पाहणीचा कागद एखाद्याची सवलत तोडण्यास वापरला गेला, तरी त्या गावात पुढील वीस वर्षे खरे उत्तर मिळणार नाही.

त्याचबरोबर शेतकरी बंधूंनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. उत्पन्न कमी सांगितल्याने एखाद्या कुटुंबाचा तात्पुरता लाभ होईल. परंतु सर्वांनीच कमी सांगितले तर गरीब तालुका व सधन तालुका यांतील फरकच पुसला जातो. बागायती तालुक्यातील शेतकऱ्यानेही सत्तर हजार लिहिले व जिरायती तालुक्यातील शेतकऱ्यानेही सत्तर हजार लिहिले, तर शासनाच्या दृष्टीने दोन्ही तालुके सारखेच ठरतात. अशा वेळी नुकसान होते ते खऱ्या गरिबाचे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना शेवटी इतकेच सांगावेसे वाटते की, वर्षभर आपण अनेक तक्ते भरता आणि त्यांतील बहुतेकांचे पुढे काय होते हे आपल्याला कळत नाही. या तक्त्याचे तसे होऊ नये अशी मागणी आपणच केली पाहिजे. तालुक्याचा मध्यक निघाल्यावर तो ग्रामसभेत वाचून दाखवावा, मागील वर्षाच्या आकड्याशी त्याची तुलना करावी आणि तो का वाढला वा का घटला याची चर्चा लोकांतच घडवून आणावी. आपण सांगितलेल्या खऱ्या उत्तरातून आपल्या तालुक्याचे खरे चित्र उभे राहते, हे ज्या दिवशी गावकऱ्यांना पटेल, त्या दिवशी पुढील पाहणीत दरवाजे अधिक मोकळेपणाने उघडतील. पिकाची आणेवारी सोडून आपण तराजू हाती घेतला, तसाच आता कुटुंबाच्या मिळकतीसाठीही घ्यावा. हे काम आपल्या शक्तीबाहेरचे नाही.